शाया, शनिवार आन् शिनेमा

राजेहो, मागच्या महिन्यात एक मेसेज फिरत फिरत माझ्या मोबाइलवर आला. "मराठी चित्रपटासाठी बालकलाकार पाहिजेत. वय ८ ते १४. ऑडिशन रविवारी मंगल कार्यालयात. नोंदणी शुल्क पंधराशे रुपये." खाली एक मोबाइल नंबर. चित्रपटाचं नाव नाही, दिग्दर्शकाचं नाव नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी पंधराशे भरले. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला जाणारी बाई. पोरगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये चांगली नाचते, तर कोणीतरी डोक्यात भरवलं. ऑडिशन झाली, मोबाइलवर शूटिंग केल्यासारखं केलं आणि चार दिवसांनी नंबर बंद.

पैसे गेले ते गेलेच. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट घोळतेय. शाळेतल्या साध्यासुध्या पोट्ट्यांना घेऊन पूर्ण लांबीचा सिनेमा खरंच कसा बनतो? आपल्या महाराष्ट्रात बनला आहे, एकदा नाही, अनेकदा. तो इतिहास आपल्या अमरावती-अकोल्याच्या पालकांना आणि गुरुजींना माहीत असता, तर त्या मंगल कार्यालयात इतकी गर्दी झाली नसती असं मला वाटतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

आधी आपलं घर पाहू. वऱ्हाड सिनेमावेडं आहेच. अमरावतीत पत्ता सांगायचा तर प्रभात चौक, सरोज चौक, चित्रा चौक. चौकांना नावं टॉकीजची! अकोल्यात माणेक टॉकीजचं नाव काढलं की पन्नाशीच्या पुढच्या माणसाचा चेहरा खुलतो. बहिरमच्या यात्रेत तंबूतले सिनेमे पाहिल्याच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. सी.पी. अँड बेरार हा प्रांत कधीचाच इतिहासजमा झाला, पण सिनेमाच्या धंद्यात 'सी.पी.-बेरार' हा वितरणाचा पट्टा टिकून राहिला आणि त्याचा कारभार भुसावळ-अमरावतीहून चालला. म्हणजे सिनेमाची पेटी आपल्याकडे यायची, आपण दाखवायचो, पाहायचो, पैसे मोजायचो आणि पेटी पुढे पाठवायचो. बनवायचं काम मात्र मुंबई-पुणे-कोल्हापूरचं. आपल्या धामणगावचे राजदत्त मोठे दिग्दर्शक झाले, २०२४ मध्ये पद्मभूषण मिळालं. आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांवर 'देवकीनंदन गोपाला' (१९७७) त्यांनीच केला. पण त्यासाठी त्यांनाही इथून बाहेर पडावं लागलं. त्यात गाडगेबाबा झाले ते डॉ. श्रीराम लागू. उत्तमच झाले, वाद नाही. तरी आपल्या बोलीचं पोट्टं पडद्यावर मोठ्या भूमिकेत दिसायला आणखी चाळीस वर्षं गेली. त्याच्याकडे येतो. मधला रस्ता मुंबईतून जातो, त्याला इलाज नाही.

दादरची छबिलदास शाळा. प्रायोगिक नाटकांमुळे हे नाव सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्याही आधी तिथं एक शिक्षिका होत्या, सुलभा देशपांडे. वर्गातल्या मुलांसाठी नाटक हवं होतं, म्हणून विजय तेंडुलकरांनी ते लिहून दिलं आणि बाईंनी पोरांकडून बसवून घेतलं. एवढी मोठी अभिनेत्री, पण सुरुवात गॅदरिंगच्या नाटकापासून. पुढे १९७१ मध्ये 'आविष्कार' सुरू झालं, त्याची मुलांची शाखा 'चंद्रशाला'. तिथं मुलं वर्षानुवर्षं यायची, नाचायची, गायची, नाटक करायची. तेंडुलकरांच्या 'राजाराणीला घाम हवा' या बालनाट्यावरून १९७८ मध्ये सुलभाताईंनी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटीसाठी सिनेमा केला, 'राजा रानी को चाहिए पसीना'. क्रम लक्षात घ्या. आधी शिक्षिका, मग नाटक, मग मुलांची कायमची जागा आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. आज कोणी गावात येतो तर पहिल्याच दिवशी कॅमेरा काढतो.

(चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी म्हणजे १९५५ ची सरकारी संस्था. २०२२ मध्ये ती एनएफडीसीत विलीन केली. मुलांच्या सिनेमाचं वेगळं घर म्हणून जे होतं ते गेलं. त्यावर आपल्याकडे कोणी फारसं बोललं नाही, असो.)

दुसरी गोष्ट 'सलाम बॉम्बे'ची. १९८८ चा सिनेमा, दिग्दर्शक मीरा नायर. यातली मुलं शाळेतली नव्हतीच, रस्त्यावरची होती. पण शूटिंगच्या आधी मुंबईत त्यांची रीतसर कार्यशाळा घेतली. दिल्लीचे नाट्यशिक्षक बॅरी जॉन त्यासाठी आले. शंभराहून जास्त मुलं आली, त्यातून दोन डझनांच्या आसपास निवडली. या पोरांनी पडद्यावर नट पाहिले होते आणि तसंच हातवारे करून, डोळे वटारून दाखवायला लागली, तर त्यांना आधी ते सगळं विसरायला लावावं लागलं. कार्यशाळेचं अर्धं काम हेच असतं, अंगात भरलेलं काढायचं.

सिनेमा जगभर गाजला. कान महोत्सवात कॅमेरा द'ओर मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं. मुख्य भूमिकेतल्या शफीक सय्यदला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि पुढे? पुढे तो बंगळुरूत ऑटोरिक्षा चालवत होता, हे पेपरात वाचलेलं अनेकांना आठवत असेल. रिक्षा चालवणं कमीपणाचं आहे असं मी म्हणत नाही. माझ्या घरात दोन जण रिक्षा चालवतात. पण ज्या पोराला राष्ट्रपतींच्या हातच्या सन्मानापर्यंत नेलं, त्याच्यासाठी दुसऱ्या दिवशीची सोय काय, हा प्रश्न तिथं पहिल्यांदा जोरात उभा राहिला. नायर यांना तो टाळता आला असता. त्यांनी सिनेमाच्या कमाईतून 'सलाम बालक ट्रस्ट' उभा केला, तो आजही रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करतो. म्हणजे एका पोराचं आयुष्य बदललं नाही, पण पुढच्या हजारो पोरांना छप्पर मिळालं. याचा हिशोब कसा मांडायचा, मला अजून कळलेलं नाही.

आता ज्या सिनेमासाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्याकडे येतो. 'स्टॅनली का डब्बा', १३ मे २०११ ला आलेला. दिग्दर्शक अमोल गुप्ते. 'तारे जमीं पर' ज्यांनी लिहिला तेच. गोष्ट एवढीशी आहे. स्टॅनली नावाचा पोरगा डबा आणत नाही, मित्र आपल्यातला देतात आणि पोरांचे डबे खाणारा एक खादाड मास्तर त्याच्यावरच डाफरतो की डबा आणायचा नसेल तर शाळेत येऊ नको. पोरगा डबा का आणत नाही हे शेवटी कळतं. तो रात्री एका खानावळीत राबतो.

पण मला सांगायचंय ते सिनेमा बनला कसा ते. अंधेरीच्या होली फॅमिली शाळेत गुप्ते दर शनिवारी मुलांची कार्यशाळा घ्यायचे. दिवसाला चार तास, बस. असं दीडेक वर्ष चाललं. एकाही मुलाचा शाळेचा एकही दिवस बुडाला नाही. मुलांच्या लेखी ती कार्यशाळाच होती, आपण पूर्ण लांबीच्या सिनेमात काम करतोय असं त्यांना वाटतच नव्हतं. आणि कॅमेरा कोणता? कॅनन सेव्हन-डी. आपल्याकडे लग्नात फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तसला! मोठा कॅमेरा, लाइटांचे खांब, 'सायलेन्स' म्हणून ओरडणारा माणूस, यातलं काही नाही म्हटल्यावर पोरं घाबरणार कशाला? ती खेळत राहिली, डबे खात राहिली. सिनेमा पाहाल तर दिसेल, पोळीभाजी खाताना कोणी 'अभिनय' करत नाही.

हे सगळं मला फार आवडतं, पण दोन गोष्टी टोचतात त्याही सांगतो. एक, स्टॅनली झाला तो दिग्दर्शकाचा स्वतःचा मुलगा पार्थो. राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि कामही अस्सल आहे, पण शाळेतल्या दुसऱ्या कुठल्या पोराला ती जागा मिळाली असती तर, हा विचार येतोच. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मुलांना कल्पना नसताना त्यांचं चित्रण करणं बरोबर का? निरागसपणा टिकतो हे मान्य. पण आज हीच युक्ती कोणी चुकीच्या माणसानं केली तर? मला वाटतं मुलांना सांगावं. आठ-दहा वर्षांच्या पोट्ट्याला सगळं समजतं, आणि तिसऱ्या-चौथ्या शनिवारी ते कॅमेरा विसरूनही जातं.

याच सिनेमाचे छायालेखक अमोल गोळे. पुढे त्यांनी 'सुमी' दिग्दर्शित केला, सायकलीनं शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोरीची गोष्ट, त्याला उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शनिवारच्या कार्यशाळेनं पोरांसोबत मोठी माणसंही तयार केली म्हणायची.

आता या आपल्या गावी.

१६ नोव्हेंबर २०१८ ला 'नाळ' आला. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी, 'सैराट'चा कॅमेरामन, मातृभाषा तेलुगू. गाव विदर्भातलं, नदीकाठचं. आणि त्यातला आठ वर्षांचा चैत्या म्हणजे आपल्या अमरावतीचा श्रीनिवास पोकळे. पोरगा तोंड उघडतो आणि थेटरात बसलेला वऱ्हाडी माणूस चमकून पाहतो, अरे, हे तर आपल्या गल्लीतलं पोट्टं! आईला 'वं' म्हणतं! पुण्याच्या लोकांनी तो एका अक्षराचा 'वं' गाण्यातून गुणगुणला. ज्या शब्दावरून आपल्याला हॉस्टेलात चिडवायचे, तोच.

इथं जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट इथंच आहे.

आपली बोली 'ळ' म्हणत नाही, 'य' म्हणते. शाळेची 'शाया' होते, डोळ्याचा 'डोया', पोळीची 'पोयी'. 'ण'चा 'न' होतो. पहिलीत पोरगं येतं आणि सांगतं, "मी शायेत चाल्लो." तिथून आमचं काम सुरू. "शाया नाही रे बावा, शाळा." मीही हेच केलं आहे, वर्षानुवर्षं. लिहिताना शाळाच लिहायला पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आम्ही बोलतानाही टोकत राहिलो. मग पोरगं काय करतं? बोलणं कमी करतं. बालनाट्य स्पर्धेला अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहात किंवा अमरावतीच्या सांस्कृतिक भवनात जाऊन बसा. वऱ्हाडातली पोरं पुण्याच्या उच्चारात, छाती पुढे काढून, एका सुरात ओरडत असतात. जिभेवर 'ळ' आणताना डोयातलं सगळं निघून जातं. आणि मग एक तेलुगू माणूस येतो, त्याला ती बोली जशीच्या तशी हवी असते आणि त्या बोलीत बोलणाऱ्या पोराला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. एकदा 'नाळ'साठी आणि २०२३ च्या चित्रपटांच्या पुरस्कारांत पुन्हा 'नाळ भाग २'साठी. त्या दुसऱ्या भागाला उत्कृष्ट बालचित्रपटाचाही मान मिळाला. गंमत बघा, ज्याबद्दल वर्गात कान धरला असता त्याबद्दल दिल्लीत पदक.

'नाळ' हा काही शाळेच्या कार्यशाळेतून आलेला सिनेमा नाही, व्यावसायिक चित्रपट आहे, मागे नागराज मंजुळे आणि मोठी कंपनी होती. पण त्यानं सिद्ध केलं ते असं की कच्चा माल इथं आहे. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात जयंत सोमलकरांनी 'स्थळ' केला, कधी कॅमेऱ्यासमोर उभी न राहिलेली गावातलीच माणसं घेऊन. २०२३ मध्ये टोरंटो महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला. नागपुरात मंजुळ्यांनी 'झुंड' (२०२२) केला, वस्तीतली पोरं घेऊन. त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. आणि त्याच 'झुंड'मधला दुसरा एक तरुण ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपुरात मारला गेला. त्याचा दोष सिनेमाला देणं अन्यायाचं होईल. पण ती बातमी वाचली तेव्हा मला शफीकची रिक्षा आठवली. पस्तीस वर्षांनंतरही सिनेमा संपल्यावरच्या दुसऱ्या दिवसाचं उत्तर आपल्याकडे धड नाही.

इराणचा अब्बास कियारोस्तामी. तिथं १९६५ मध्ये मुलांसाठी 'कानून' नावाची संस्था निघाली, सुरुवात वाचनालयांपासून. सिनेमा विभाग नंतर आला, तो कियारोस्तामीनं उभा केला. १९८७ मध्ये त्यानं कोकेर या खेड्यातल्या शाळकरी पोरांना घेऊन 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस' केला. मित्राची गृहपाठाची वही चुकून आपल्याकडे आली, ती परत करायला धावणारा पोरगा, एवढीच गोष्ट. १९९० मध्ये त्याच भागात मोठा भूकंप झाला, हजारो माणसं गेली. कियारोस्तामी ती पोरं जिवंत आहेत का हे शोधायला गाडी काढून निघाला. पोरं वाचली होती. त्या शोधावरच त्यानं पुढचा सिनेमा केला. माझ्या डोक्यात दिग्दर्शकाची परीक्षा ही आहे. तीन वर्षांनी तो गावात परत येतो का?

आता जरा कामाचं बोलू, कारण मेसेज पुन्हा येणार आहेत. २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला आणि २०१७ मध्ये त्याचे नियम आले. त्यात सिनेमातल्या मुलांबद्दल स्पष्ट लिहिलंय. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसात पाच तासांच्या वर काम नाही, आणि सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस हवा. शिक्षण सुटता कामा नये. आणि मिळणाऱ्या पैशातला किमान २० टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचा. म्हणजे पैसे निर्मात्यानं पोराला द्यायचे आहेत. इथं पोराच्या मायनं निर्मात्याला दिले! पुढच्या वेळी कोणी 'बालकलाकार पाहिजेत' म्हणून आलं, तर पहिला प्रश्न विचारा, "कलेक्टर साहेबांचं पत्र दाखवा." अर्धे तिथूनच पळतील.

आणि दुसरा रस्ता आपल्या हातात आहे. २०२४ पासून शासनानं पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू केला. शनिवार तसाही आपला सकाळच्या शाळेचा, अर्ध्या दिवसाचा. आता बहुतेक ठिकाणी त्यात होतं काय ते तुम्हालाही माहीत आहे. योगासनं, एखादं गाणं, फोटो काढून ग्रुपवर टाकणं. गुप्त्यांनीही शनिवारच वापरले होते. लग्नाचा कॅमेरा दर्यापुरातही आहे, मूर्तिजापुरातही आहे आणि वाजवी भाड्यात मिळतो. नाटक बसवणारी हौशी माणसं अकोल्यात-अमरावतीत कमी नाहीत.

अडचणी नाहीत असं नाही. मुंबईचं वेळापत्रक इथं चालत नाही. दसरा-दिवाळीपासून कापूस निघतो, तेव्हा वर्गातली मोठी पोरं वावरात असतात. मेळघाटातली कोरकू कुटुंबं कामासाठी खाली उतरतात, पोरं सोबत. मार्चपासून परीक्षा. मे महिन्यात अकोल्याचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं, तेव्हा शूटिंग सोडा, कुत्रं बाहेर निघत नाही. उरतं काय तर जूनच्या शेवटी शाळा उघडल्यापासून पोळ्या-गणपतीपर्यंतचे आठ-दहा शनिवार. दोन पावसाळे धरले तर वीस. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या शाळेत पोरांना नुसतं सांगा, तुमच्या घरी प्यायचं पाणी कसं येतं ते तुमच्या शब्दांत सांगा. पटकथेची सुरुवात झाली. पहिल्या दहा शनिवारी कॅमेरा दप्तरात ठेवा. नुसतं बोलू द्या. 'ळ' राहू द्या बाजूला.

यातून लगेच सिनेमा होईल असं मी म्हणत नाही. गुप्ते बराच अनुभव घेऊन त्या वर्गात गेले होते. आमच्यातला एखादा गुरुजी एका शनिवारात गुप्ते होणार नाही. पण सुलभाताईही वर्गातूनच निघाल्या होत्या.

त्या बाईंची पोरगी आता सातवीत आहे. परवा भेटली तेव्हा विचारलं, ऑडिशनला काय केलं होतं गं? आधी लाजली. मग म्हणाली, "मी माह्या आजीची नक्कल करनार होती जी. त्यायनं म्हटलं शुद्ध बोल. मंग मी चूपच बसली."

मी म्हटलं, मला दाखव. तिथंच, पानठेल्याच्या बाजूला उभं राहून तिनं दाखवली. आजी विहिरीवर भांडते ती. पाच मिनिटं. पानठेलेवाला सुपारी कातरायचं विसरला.